डाव्या बाजूचे मासे

नासोवाले, ३ सप्टेंबर २०१८

रातू वाइसेआ यांस,

लोसेनाने काल निरोप नेणे बंद केले, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे.

भावाबहिणीने एकमेकांशी तोंडावर बोलायचे नाही, हे मला तुमच्याइतकेच ठाऊक आहे. मी बारा वर्षांची झाले तेव्हापासून बावन्न वर्षे आपण ते पाळले. लिहायचे नाही असे मात्र मला कुणी कधी सांगितलेले नाही. तुमचे घर माझ्या घरापासून दोनशे पावलांवर आहे आणि टपालाची पेटी बोटीने तीन तासांवर, तेव्हा पत्र तुमच्या पायरीवर शंखाखाली ठेवत जाईन. वाचून झाले की शंख पालथा करा.

काल प्रार्थनेनंतर तुमची बायको लोसेना माझ्या चटईवर येऊन बसली. पदराएवढ्या पंख्याने वारा घेतला आणि म्हणाली, "वन्सं, एकतीस वर्षं मी तुम्हा दोघांच्या मधे ये-जा करतेय. ते म्हणतात तिला सांग, तुम्ही म्हणता त्यांना सांग. मला स्वतःचं काही सांगायचं असलं तर मी कुणाला पाठवू?"

"तुला काय सांगायचंय?"

"हेच, की पाय दुखतात."

मी तिला लिंबाच्या पानांचा चहा दिला. ती दोन कप प्यायली आणि मी सांगितलेला निरोप चटईवर तसाच टाकून निघून गेली.

तो निरोप असा होता: तांबू १३ ऑक्टोबरला उठवू नका. २७ पर्यंत थांबा.

आपले वडील वारले तेव्हा रीतीप्रमाणे त्यांच्या नावाने किनाऱ्याच्या टोकापासचा प्रवाळखडक बंद झाला. शंभर रात्रींनी तो मासेमारीला खुला व्हायचा. तुम्ही केला नाहीत. अडीच वर्षे तो तांबू, म्हणजे बंद, आहे, आणि गावाचे प्रमुख म्हणून तुम्ही केलेले हे सर्वांत शहाणपणाचे काम आहे. हे मी पूर्वीही कळवले होते. पोचले की नाही, ते आता खात्रीने सांगता येत नाही.

त्या बंद खडकावर तुमच्या मुलीचा प्रबंध उभा आहे. विलिमाइना सुवाच्या विद्यापीठात प्रवाळखडकांचा अभ्यास करते, ती पाण्यात डुंबायची हौस म्हणून नव्हे. खडक बंद ठेवला तर मासे किती वाढतात, उघडा ठेवला तर किती राहतात, आणि गावाने तो कसा सांभाळावा, हे तिला मोजून दाखवायचे आहे. पहिले मोजणे तिने बंदी नवी असताना, ऑक्टोबरच्या पौर्णिमेच्या आठवड्यात केले. शेवटचेही त्याच पौर्णिमेला करावे लागते, नाहीतर दोन्हींची तुलना होत नाही. यंदा ती पौर्णिमा २४ तारखेला आहे. १३ तारखेला साठ जाळी आत उतरली तर २४ ला पोरीने काय मोजायचे? जाळ्यांची भोके?

चर्चच्या नव्या छपराची मेजवानी आहे आणि तीन गावचे पाहुणे आहेत, हे मला माहीत आहे. छप्पर मासे खात नाही. मेजवानी तेरालाच करा, तांबू दोन आठवड्यांनी उठवा.

उत्तर हवे.

मेरेवालेसी


१० सप्टेंबर

रातू वाइसेआ यांस,

शंख मंगळवारी पालथा दिसला. काल प्रार्थना संपल्यावर तुम्ही उभे राहिलात आणि साऱ्या गावाला सांगितलेत, "तांबू तेराला उठेल. जाळी दुरुस्त करून ठेवा." सांगताना तुम्ही खिडकीकडे पाहत होतात. खिडकीशी मी बसते. उत्तर मिळाले.

आता मला गेल्या पत्रात गाळलेली गोष्ट लिहिणे भाग आहे.

मुलीचे गेल्या वर्षीचे मोजणे विद्यापीठाने बाद केले आहे. यंदाचेही झाले नाही तर प्रबंध स्वीकारणार नाहीत, शिष्यवृत्ती थांबेल आणि ती पदवीशिवाय घरी येईल. असे मोजणे पुढच्या वर्षी करू म्हणून चालत नाही, कारण तोवर खडक बंद नसेल. आहे ती एवढी एकच संधी आहे.

बाद का झाले, तेही सांगते. तळावर पन्नास मीटरची फीत अंथरायची, ही एक ओळ. दोघांनी शेजारी शेजारी पोहायचे. एकाने फितीच्या उजवीकडचे मासे मोजायचे, दुसऱ्याने डावीकडचे, आणि दोन्हीकडे अडीच मीटरपर्यंतचेच. त्यापलीकडे सोन्याचा मासा दिसला तरी लिहायचा नाही. पहिल्या वर्षी तिच्यासोबत वर्गातली मैत्रीण होती. गेल्या वर्षी तिची मैत्रीण येऊ शकली नाही आणि डावीकडे होता आपला साकिउसा.

साकिउसा आपल्या धाकट्याचा मुलगा, भाला मारण्यात गावात पहिला. परवा त्याला ओट्यावर बसवून विचारले.

"अडीच मीटर म्हणजे कुठवर, हे तुला माहीत होतं?"

"माहीत होतं की."

"मग?"

"आत्या, थवा फितीवरून पलीकडे चाललेला असतो. डोकी मोजायची आणि शेपट्या सोडून द्यायच्या? अर्धा थवा कोण मोजतं?"

"विद्यापीठ मोजतं."

"म्हणून ते लोक सुवात डब्यातले मासे खातात."

मी त्याला हसू नकोस असे सांगितले. तो हसला नाही, पण त्याला पटलेही नाही.

तिसऱ्या ओळीवर विलिमाइनाच्या लक्षात आले की याचे आकडे दुप्पट येताहेत. पण तो नात्याने तिचा भाऊ. ती त्याला सांगणार कशी? हातात पाटी होती, पाण्यात चालणारी पेन्सिल होती. पाटीवर लिहून दाखवणे म्हणजेही बोलणेच, असे तिला वाटले. बोटीवर तिसरे कुणी नव्हते, ज्याच्या तोंडून सांगता आले असते. मग तिने काय केले? बारा ओळी त्याला तशाच मोजू दिल्या, आणि घरी येऊन त्याचे सगळे आकडे निम्मे केले. सदतीसचे अठरा. बावन्नचे सव्वीस. विद्यापीठात पाट्यांचे फोटोही द्यावे लागतात, हे त्या शहाणीला माहीत होते. तरीही केले.

तिच्या मार्गदर्शक डॉ. राधिका नायडू यांनी तिला समोर बसवले. तिने मला फोनवर रडत रडत सगळे सांगितले. मी तिला आधी नाक पुसायला लावले आणि मग ऐकले. डॉ. नायडूंनी विचारले होते:

"त्याला तिथल्या तिथे का नाही सांगितलंस?"

"तो माझा भाऊ लागतो, मॅडम."

"ते कळलं मला. मी इथल्याच लाबासात वाढले आहे, काल विमानातून उतरले नाही. मग मासे मोजायला भाऊ कशाला नेलास?"

उत्तर माझ्याकडे आहे. साकिउसाला मी निवडले. सारा दिवस एका पोराबरोबर बोटीत राहायचे. त्याच्याशी लग्न होऊ शकते असा पोरगा नेला असता तर गावाने तिला नावे ठेवली असती. भाऊ असला की कुणाला बोलायला जागा नाही, असा मी विचार केला. तेव्हा मला तो फार हुशारीचा वाटला होता.

डॉ. नायडूंनी तिला एक संधी दिली आहे. तुम्ही ती तेरा तारखेला काढून घेत आहात.

मेरेवालेसी


१८ सप्टेंबर

रातू वाइसेआ यांस,

शंख पालथा, उत्तर नाही. ठीक.

आज लोसेना स्वतःहून आली. "मी निरोप घेऊन आले नाहीये, कसावा घेऊन आलेय," असे दारातच सांगितले. मी सुरी आणली आणि आम्ही दोघी सोलायला बसलो. मी विचारले, "मुलीचं मोजणं बाद झालं, हे मी तुला जूनमध्येच त्यांना सांगायला सांगितलं होतं. सांगितलंस?"

ती साल काढत राहिली.

"लोसेना."

"सांगितलं ना. म्हटलं, पोरीचं सगळं छान चाललंय, थोडं काम उरलंय."

"मी म्हणाले होते, त्यांना म्हणावं जरा डोकं चालवा."

"मी म्हटलं, वन्सं म्हणतात, तुम्ही विचार कराच."

"आणि मी निवृत्त झाले तेव्हा ते 'विश्रांती घ्या' म्हणाले होते, ते?"

"ते म्हणाले होते, तिला सांग, शाळा सुटली, आता गावाला धडे देणं बंद कर."

सुरी माझ्या हातात होती, हे तिने लक्षात ठेवायला हवे होते. पण ती मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही दोघं जे बोलता ना, ते तसंच्या तसं नेलं असतं तर या गावात आज दोन गावं असती." मी पुढचा कसावा उचलला.

मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. यंगोना पिण्याच्या बैठकीत पेनीने तुमच्या तोंडावर म्हटले, "प्रमुखाची पोरगी मासे मोजते आणि आपण डबे फोडतो." आणि हे तो एकटाच म्हणत नाही, अडीच वर्षे निम्मे गाव म्हणत आहे.

"मग ते काय म्हणाले?" मी विचारले.

"काय म्हणणार? वाटी रिकामी केली, तीन टाळ्या वाजवल्या, वाटी परत दिली."

म्हणजे शंभर रात्रींनंतर खडक बंद राहिला तो माझ्या सांगण्यामुळे नव्हे. माझे सांगणे तर तुमच्यापर्यंत पोचलेच नव्हते. मुलीसाठी तुम्ही तो आपणहून बंद ठेवलात, लोकांचे ऐकून घेतलेत, आणि सारे छान चालले आहे असे बायकोने सांगितले म्हणून आता उघडायची तारीख दिलीत. आणि एकदा चर्चमध्ये दिलेली तारीख मागे घ्यायची म्हणजे पेनीच्या हातात दोन्ही वल्ही दिल्यासारखे.

मी तुम्हाला हट्टी समजत होते. अजूनही समजते. पण आता त्याचे कारण वेगळे आहे.

तरीही तारीख बदला.

मेरेवालेसी


२५ सप्टेंबर

रातू वाइसेआ यांस,

या पत्रात मी काही मागणार नाही. हे आधीच लिहायला हवे होते. बेचाळीस वर्षे आधी.

१९७६. मी बावीसची, तुम्ही पंचवीसचे. विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षासाठी मी याच टोकापासच्या खडकावर तीस प्रवाळांना पिवळी दोरी बांधली होती. दर महिन्याला जाऊन ते किती वाढले ते मापायचे. बोट तुम्ही न्यायचात आणि मधल्या फळीवर आजी बसायची. मी आजीला सांगे, आजी तुम्हाला सांगे, मधे ती दोघांनाही चार शब्द आपल्या पदरचे सुनावी. आठ महिने असे चालले.

नवव्या महिन्यात आजी आजारी पडली. मधली फळी रिकामी.

मी पाण्यात होते. तुम्ही तो चार वाकड्या बोटांचा नांगर टाकलात. तो रेतीत रुतला नाही. वारा बोट ओढत होता आणि नांगर माझ्या ओळीतून चालला. मी खाली दम धरून पाहत होते. वर येऊन एक हाक मारली असती तर दोन-तीनच गेले असते. मी वर आले. बोटीची कड धरली. तुमच्याकडे पाठ केली. आणि नांगर थांबेपर्यंत तशीच राहिले.

एकोणीस मोडले. मी ते खाली जाऊन मोजले.

अहवालात मी लिहिले: नवव्या महिन्यात वादळाने एकोणीस प्रवाळ मोडले. त्या महिन्यात वादळ झाले नव्हते. सुवात कुणी विचारले नाही. मला पदवी मिळाली. वडिलांनी तो अहवाल पाद्रींकडून सगळ्या गावासमोर आपल्या भाषेत वाचून घेतला, वरातीच्या थाटात. त्यानंतर तेहतीस वर्षे मी मुलांना शिकवले, जे डोळ्यांना दिसले तेच वहीत लिहा. एका मुलाला उंदराच्या शेपटीची लांबी अंदाजे लिहिली म्हणून उन्हात उभे केले होते.

विलिमाइनाने फोनवर सांगितले, "आत्या, मी आकडे निम्मे केले," तेव्हा मी तिला जे बोलले ते तुम्ही ऐकायला नको होतेत. आणि तिला तेवढे बोलायचा मला काही अधिकार नव्हता.

ही गोष्ट तुमच्या लक्षातही नसेल. नांगर पडला, नांगर उचलला, एवढेच. पण मी तो नांगर इतकी वर्षे तुमच्या नावावर लिहून ठेवला. तुमच्या लग्नात, वडिलांच्या अंत्यविधीत, दर रविवारी. टाकला तुम्ही हे खरे. पाहत राहिले मी, हेही खरे. दुसरे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहीत आहे.

मेरेवालेसी


१४ ऑक्टोबर

रातू वाइसेआ यांस,

सहा दिवस शंख उताणाच होता. त्या सहा दिवसांत मी रोज दोनदा तुमच्या पायरीवरून गेले, माझे तिकडे काही काम नसताना. हे तुम्ही दाराआडून पाहत होतात, असे आता कळले.

सातव्या दिवशी लोसेना आली. उभीच राहिली. म्हणाली, "वन्सं, हा शेवटचा निरोप. शब्दाला शब्द सांग म्हणालेत, म्हणून वाटेत पाठ करत आलेय."

"सांग."

"'त्या महिन्यात वादळ नव्हतं, हे मलाही माहीत होतं.'"

मी तिला पुन्हा म्हणायला लावले. तिने पुन्हा म्हटले. मग विचारले, "म्हणजे काय हो?" मी तिला म्हटले, "तुझे पाय दुखत असतील, बस."

म्हणजे पाद्री वाचत होते तेव्हा तुम्ही तिथे बसला होतात, आणि वादळ हा शब्द ऐकला होतात. नांगराच्या दोरीला लागलेले हिसके तुमच्या हातांना तेव्हाच कळले असतील. आणि बहिणीने आपल्याला झाकले, असे समजून तुम्हीही इतकी वर्षे गप्प राहिलात. मी तुम्हाला झाकले नव्हते. मी मला झाकले होते. पण आता ते राहू दे.

त्याच दिवशी तुम्ही रीतीप्रमाणे माफीचा देवमाशाचा दात घेऊन जाणत्यांसमोर बसलात आणि तारीख मागे घेतल्याबद्दल गावाची माफी मागितलीत. प्रमुखाने बसून दात पुढे करायचा, आणि पेनीच्या काकाने तो उचलायला मुद्दाम वेळ लावायचा. बायकांच्या बाजूने मी सगळे पाहिले.

कालच्या मेजवानीबद्दलही लिहिणे आवश्यक आहे, कारण लोक उद्या वेगळे सांगतील. डुकरे चार होती, कंद चांगले भाजले होते, छप्पर गळत नाही. आणि तीन गावच्या पाहुण्यांसमोर, ज्या गावाचा खडक माशांनी भरलेला आहे त्या गावाने, डब्यातली मॅकरेल वाढली. पेनी भर पंगतीत ओरडला, "रातू, या माशाला काटेच नाहीत हो!"

"तुझे दात बघूनच आणलाय," तुम्ही म्हणालात.

पाहुणे हसले, मग गाव हसले, शेवटी पेनीही हसला. त्याला दोनच दात आहेत. तुम्ही मात्र तो मासा ताटभर घेतलात आणि संपवलात. मी पाहत होते.

आता कामाचे. डावीकडे मी मोजणार आहे. आत्या-भाचीने बोलायला कुणाची हरकत नाही. डॉ. नायडूंनी माझी फोनवर परीक्षा घेतली, एकशेवीस माशांची चित्रे. एकशेसोळा बरोबर आले. उरलेली चार चित्रे वाईट होती. चौसष्टाव्या वर्षी पाण्यात उतरते म्हणून लोसेनाने डोक्याला हात लावला आहे, तो तिने खाली घ्यावा.

बोट तुमची लागेल. साकिउसा चालवायला तयार आहे, पण त्याला बोटीतून मोजायचा मोह होईल. २३ ते २६, दुपारच्या ओहोटीला. सहा ओळी बंद खडकात, सहा त्याच्या बाहेर. बोट कोण नेणार ते कळवा.

मेरेवालेसी


२७ ऑक्टोबर

दादा,

तुम्ही तिथे होतात, तरी लिहिते. नोंद पूर्ण हवी.

पहिल्या दिवशी बोटीपाशी साकिउसाऐवजी तुम्ही उभे होतात. मी पुढे बसले, विलिमाइना मधल्या फळीवर, तुम्ही मागे काठी घेऊन.

"विली, वडिलांना सांग, बोट फितीच्या मागे राहू दे."

"बाबा, आत्या म्हणते—"

"ऐकलं. आत्याला सांग, मी बोट चालवतोय, बोट मला चालवत नाहीये."

"आत्या, बाबा म्हणतात—"

"मला कान आहेत म्हणावं."

"मग मी इथे कशाला बसलेय?"

"मासे मोजायला!" आपण दोघांनी तिला एकदमच सांगितले. त्यानंतर टोकापर्यंत विलीचे खांदे हसण्याने हलत होते.

मी पाण्यात उतरले. पहिले काही हात पोहेपर्यंत मी मासे पाहत नव्हते, हे कबूल करते. मी नांगराच्या दोरीची वाट पाहत होते. खडकावर बोटीची सावली होती. दोरी आली नाही. ओळीच्या शेवटी मान वळवली, तर मागे रेतीच्या पट्ट्यात तुमचे दोन पाय दिसले. तुम्ही छातीभर पाण्यात उतरून बोट हाताने धरून उभे होतात. आम्ही पुढे सरकलो की पाय पुढे सरकत. प्रवाळ आले की थांबत, वळसा घेत, पुन्हा रेतीवर येत. मग मी मासे मोजले.

चार दिवस, बाराही ओळी, तुम्ही तसेच उभे होतात. सदुसष्टाव्या वर्षी हा शुद्ध मूर्खपणा आहे. पायांची सूज उतरेपर्यंत ते उंचावर ठेवायचे. लोसेनाला हे सांगितले आहे, आणि तिने एकही शब्द बदलणार नाही असे कबूल केले आहे.

बंद खडकातल्या डाव्या बाजूचे माझे आकडे साकिउसाच्या निम्म्याहून जास्त आले, म्हणजे पोरीचे निम्मे करणेही बहुधा चूकच होते. मासे खरोखरच वाढले आहेत. ती आता प्रबंधात साकिउसाचे मूळ आकडे, आपण काय केले ते, आणि का केले ते, असे तिन्ही लिहिणार आहे. डॉ. नायडूंचा काल फोन आला. पाट्यांचे फोटो पोचले, आकडे घेतले. डावीकडचे अक्षर कुणाचे, एवढेच त्यांनी विचारले. विली म्हणाली, शिक्षिकेचे.

आज सकाळी तांबू उठला. पेनीचे जाळे सर्वांत आधी उतरले आणि सर्वांत जड वर आले. त्याने पहिला मासा तुमच्या पायरीवर आणून टाकला, हे तुम्ही पाहिलेत. तो काय म्हणाला ते मला ऐकू आले नाही. तुम्ही हसलात, एवढे इथून दिसले.

बोट व सामान परत दिल्याची नोंद. सुटे सामान बोटघरात चटईवर ठेवले, तुम्ही उचलले. साक्ष लोसेना.

बोट एक. तळ धुतला आहे.

वल्ही दोन. एकाची मूठ आधीपासूनच चिरलेली होती.

लांब काठी एक.

पाणी उपसायचा डबा एक, मेजवानीतला.

मोजणीच्या पाट्या बारा आणि फीत एक. या विलिमाइनाकडे, विद्यापीठासाठी.

माझा १९७६चा अहवाल, प्रत एक. पान चौदावरचे "वादळाने" खोडून "नांगराने, मी पाहत असताना" असे लिहून खाली आजची तारीख घातली आहे. हाही विलिमाइनाकडे, विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी.

शंख एक. पायरीवर, उताणा.

नांगर एक, चार बोटांचा, आणि त्याची दोरी, बारा वाव लांब. दोन्ही कोरडे.